तपासणारीचा रकाना

फॉर्मवर दोन रकाने आहेत.
बांधणाऱ्याची सही. तपासणाऱ्याची सही.
पेन एकच, हातही एकच.

रबाळ्याच्या गाळ्यात, नाल्याला लागून,
साडेसहा वर्षं हे विमान जोडते आहे,
दोन माणसांचं.
शेजारच्या पावडर कोटिंगची निळी धूळ
आधी पंखांवर बसते, मग माझ्या डब्यावर.
कमळाकर म्हात्रे चहा घेऊन येतो नि म्हणतो,
मॅडम, माल तुमचा, पास करनार तुम्हीच,
मंग नापास कसा व्हल?
मी हसले. पण घोट घशाशी थांबला.

एकतीस वर्षं व्हॉल्व्हच्या कारखान्यात
मी लोकांचं काम नापास केलं.
दोरीची लाल चिठ्ठी, खाली माझी आद्याक्षरं.
सदाफुले नावाचा टर्नर होता,
पाच शतांश मिलिमीटरसाठी
त्याचे चाळीस नग परत पाठवले,
तर म्हणाला, बाई, एकदा स्वतः काही बनवून बघा.

बनवलं, सदाफुले.
आणि आता कळतं,
बनवणाऱ्या डोळ्याला दिसत नाही,
त्याला आठवतं.
हा बोल्ट? हा आवळलाय ना मी,
त्या दिवशी रेडिओवर क्रिकेट चालू होतं.
आठवणीवर टॉर्क रेंच चालत नाही.

म्हणून आठ दिवस गाळा बंद ठेवला.
वहीलाही शिवले नाही.
नवव्या दिवशी मागच्या दाराने आले,
कंपनीचा राखाडी कोट घालून
(खिशात अजून लाल चिठ्ठ्यांचं बंडल)
आणि, कुणाला सांगू नका,
आत शिरण्याआधी दारावर टकटक केली.

शेपटीकडून सुरुवात. बांधताना नाकाकडून केली होती.
बिजागऱ्या.
केबलवरून सुती फडका ओढला, धागा अडकला नाही.
नटाबाहेर आटे मोजले, एक, दोन, चालेल.
सेफ्टी वायर आवळायच्या दिशेनेच ओढते आहे.
एवढं बरं काम पाहून
कोटातल्या बाईला जरा रागच आला.

मग डावा पंख. खालचं झाकण उघडलं,
बॅटरी दातांत, हात कोपरापर्यंत आत,
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा.
आधी त्यात माझाच डोळा दिसला.
डोळा सरकवला.
चौथ्या फासळीवर एका रिव्हेटचं डोकं तिरकं,
नख शिरेल एवढी फट.
त्याच्या पलीकडे आणखी दोन.

मला तो दिवस लगेच आठवला.
शुक्रवार, वीज गेलेली,
कॉम्प्रेसरच्या टाकीत थोडी हवा उरली होती,
म्हटलं तेवढ्यात उरकून टाकू.
कारण होतं.
कारण सदाफुलेकडेही होतं, बेअरिंगचं काहीतरी,
तो सांगत होता आणि मी चिठ्ठीला गाठ मारत होते.

तर हिचंही ऐकून घेतलं नाही.
गाठ मारली.
पंखाखाली लाल चिठ्ठी लोंबायला लागली,
बाळाच्या दंडाला बांधलेल्या दोऱ्यासारखी.
वहीत लिहिलं: हवा कमी होती.
खोडलं.
लिहिलं: घाई.

कमळाकर चहा घेऊन दारात.
काय मॅडम, झाला पास?
नाही.
त्याने चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे,
मग दुसरी सीट, जिला अजून गादी नाही,
तिच्याकडे बराच वेळ.
सोताला पन सोरलं नाय तुम्ही?
मंग मी बसन याच्यान.

मी काही बोलले नाही.
कोट खुंटीला लावला, बाह्या वर केल्या,
बारीक ड्रिल कुठल्या खणात ठेवलंय ते शोधू लागले.
बटण दाबलं तसा कॉम्प्रेसर धडधडला,
काटा हळूहळू वर.
आज गुरुवार.
हवा भरपूर आहे.